तुळशीचे दोन उपास

मुकुंदरावांनी चार महिने खपून अंगणात विजेचे यंत्र उभे केले, आणि सोलापूरच्या ऐन वैशाखात त्याला ओल मिळेना.

मुकुंदराव हायस्कुलात शास्त्र शिकवत. विलायतेत दोघा पंडितांनी लाखो व्होल्टांच्या दाबाने कण पळवले आणि अणू फोडला, हे मासिकात वाचल्यापासून त्यांना चैन नव्हती. तेवढा दाब सोलापुरात कुठला! पण पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे हजार वेढे, काचेच्या बरण्या आणि मोटारीच्या बॅटऱ्या जमवून त्यांनी हातभर ठिणगी मात्र उडवली होती. ती हेडमास्तर एकनाथरावांना पटली, तर शाळेतली मागची रिकामी खोली प्रयोगशाळेला मिळणार होती. नाहीतर तिथे मोडकी बाके ठेवायचे ठरलेच होते.

यंत्राची एक तार ओल्या मातीत पुरावी लागते. अंगण तर भाजून निघालेले. ओली माती एकाच ठिकाणी होती, तुळशीवृंदावनात. आईचा डोळा चुकवून मुकुंदरावांनी तांब्याचा पत्रा तिथे पुरला. शुक्रवारपर्यंत ठिणगी अशी काही उडत होती, की शेजारच्या वकिलांच्या रेडिओवर गाण्याऐवजी नुसती खरखर ऐकू येई.

रविवारी संध्याकाळी एकनाथराव आले आणि लोखंडी खुर्चीत ऐसपैस बसले. मुकुंदरावांनी खटका दाबला. ठिणगी उडाली ती नखाएवढी. त्यांनी घाईघाईने आणखी दोन बॅटऱ्या जोडल्या. वरची ठिणगी काही वाढली नाही, पण जमिनीवरच्या तारेतून एक खुर्चीवर उडाली आणि हेडमास्तर कपबशीसकट ताडकन उभे राहिले.

"मुकुंदराव, अणू राहू द्या," धोतरावरचा चहा झटकत ते म्हणाले. "खोलीत आपण बाकंच ठेवू."

मुकुंदरावांनी धावत जाऊन वृंदावनात बोट खुपसले. माती कोरडी ठणठणीत.

"काल एकादशी, आज रविवार," पद्मजाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "दोन दिवस पाणी नाही तुळशीला."

एकादशीला आणि रविवारी तुळशीचा उपास, हा त्या घरातला तीस वर्षांचा नेम होता आणि तो रुक्मिणीबाईंचा, म्हणजे मुकुंदरावांच्या आईचा होता. त्या ओसरीवर जप करत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे तोंड उघडायची मुकुंदरावांची छाती झाली नाही. ते तारा गुंडाळू लागले.

शेळीचे दूध घेऊन आलेला वळसंगचा मायाप्पा दारात उभा होता. त्याला राहवेना. "सायेब, परवा म्या सोता बगितलं की. हातभर उडत हुतं."

"परवाचं परवा," हेडमास्तर हसले.

ते हसणे आईला लागले. रुक्मिणीबाईंनी माळ खाली ठेवली, पाण्याची घागर उचलली आणि सगळीच्या सगळी वृंदावनात ओतली.

"पत्रा पुरलास त्याच दिवशी दिसला होता मला," त्या लेकाला म्हणाल्या. "दाब आता खटका."

कडाडून दीड हात ठिणगी उडाली. मायाप्पाने दुधाची चरवी ठेवून हात जोडले. मुकुंदरावांचा ऊर भरून आला. ठिणगी त्यांना रोजचीच होती. आईने आपल्यासाठी नेम मोडला, याचा अभिमान त्यांच्या मनात मावेना.

एकनाथरावांनी खोली तिथल्या तिथे देऊन टाकली. शिवाय पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांनाच हा प्रयोग दाखवायला आणतो म्हणाले.

"आणा की," रुक्मिणीबाई पुन्हा माळ हातात घेत म्हणाल्या. "पण वार बघून आणा."