पाय धुण्यापूर्वी पाय धुण्याबाबत

माणसाच्या श्रद्धेचा सर्वात खालचा भाग म्हणजे त्याचे पाय, आणि इतक्या खालच्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं तर समितीच लागते. आमच्या चर्चमध्ये ती आहे. तिचं नाव चरण पूर्वतयारी समिती.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे वेदीपुढच्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. शिष्य दिवसभर धुळीतून चालून आले होते. (त्यांनी रीतसर अर्ज केले होते का, याची नोंद सापडत नाही.) आमच्याकडे फक्त उजवा पाय धुतात, म्हणजे अर्ध्या वेळात पूर्ण नम्रता होते.

काही वर्षांपूर्वी एक पोस्टमन टपाल वाटून थेट चर्चमध्ये आला आणि त्याने मोजा काढला. गायकवृंदाच्या दोन ओळी बुडाल्या. त्याच आठवड्यात समिती स्थापन झाली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, सदस्य औषधदुकानदार आणि चपलांचा दुकानदार. धुवायला येणारा पाय आधी धुतलेला असावा, हे धोरण एकमताने ठरलं. समितीचं काम चोख आहे. पहिली अकरा वर्षं फादरांच्या परातीतलं पाणी जसं ओतलं तसंच परत निघालं. त्या पाण्यात मासे पाळता आले असते.

चर्चचं वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळात सुरू होतं, आणि समितीचंही. आगमनकाळ हा वाट बघण्याचा काळ असल्याने अर्ज तेव्हा मागवतात. नाताळात गोठ्याच्या देखाव्यातल्या बाळाचे पाय उमेदवारांना नमुना म्हणून दाखवतात. (ते प्लास्टरचे आहेत, पण टाचेला एक भेग नाही.) राखेच्या बुधवारी, माणूस मातीचा आहे हे विसरू नये म्हणून, कपाळाला राख लावतात. त्याच दिवशी समितीचं पत्रक निघतं की हे घोट्याच्या खाली लागू नाही. मग प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पहिली तपासणी आणि ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, अंतिम.

मी गवंडी आहे. एकोणीस वर्षं त्या बारा जणांत सात नंबरच्या खुर्चीवर बसतो. गवंड्याचा पाय इतकी वर्षं टिकला, याचं श्रेय माझ्या बायकोला. प्रत्येक तपासणीआधी आणि पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ती मला उलट्या बादलीवर बसवायची आणि वज्रीने चाळीस मिनिटं उजवा पाय घासायची.

"अगं, डावा?"

"डावा कोण बघतंय? हलू नका."

मग गुरुवारी ती तिसऱ्या बाकावर बसून एकटक बघायची. सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं की माझ्याकडे बघते. ती पायाकडे बघायची.

गेल्या वर्षी ती गेली. तेव्हा चर्चमध्ये सामान्य काळ चालू होता, वेदीवर हिरवं कापड असतं ते दिवस. चर्चच्या वर्षात सर्वात लांब काळ हाच. त्याला सामान्य का म्हणतात, हे मला विचारायचं होतं, पण तो विषय दुसऱ्या समितीकडे येतो.

यंदा पहिल्या तपासणीत माझा पाय नापास झाला. निष्कर्ष असे: भेगा चौदा, पैकी सहांत सिमेंट, एकीत पांढरं सिमेंट (हे कुठल्या बांधकामाचं, ते मलाही आठवेना), अंगठ्याचं नख वापरण्यायोग्य नाही.

"गवंडी, हे काय आहे?" हेडमास्तर म्हणाले.

"पाय."

"ते दिसतंय हो. गेल्या वर्षी आरशासारखा होता."

"गेल्या वर्षी बायको होती."

औषधदुकानदाराने लिहून घेतलं: कारण कौटुंबिक. मला झावळ्यांच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली. तोवर पाय सुधारला नाही तर खुर्ची जाणार होती.

मेहुणीला हे कळलं आणि ती टॉवेल खांद्यावर टाकूनच आली.

"भाऊजी, बसा बादलीवर. मी घासते."

"नको."

"मग तुमचं तुम्ही घासा. वज्री खिडकीत आहे की."

"आहे."

"मग घोडं कुठे अडलंय?"

वज्रीच्या भोकांत गेल्या वर्षीची राखाडी पूड अजून आहे. ती माझ्या पायाची, आणि घासलेली तिच्या हातची. पाणी लागलं की ती वाहून जाणार. हे मेहुणीला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि रडता रडता खिडकीही पुसून गेली असती.

खुर्ची मात्र सोडायची नव्हती. सकाळचा चहा कुणी माझ्यासाठी झाकून ठेवत नाही, जेवायला कुणी थांबत नाही. माझ्यासाठी राखून ठेवलेली म्हणून तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती तिने घासून घासून मिळवलेली होती.

रविवारी मी पुन्हा नापास झालो. माझ्या जागी राखीव उमेदवार म्हणून न्हाव्याला घेतलं. न्हावी पडला हौशी माणूस. त्याने चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाय घासला. गुरुवारी दुपारी डॉक्टरने त्याला आठवडाभर पाय पाण्यात घालायला मनाई केली.

मिस्सेला अर्धा तास असताना हेडमास्तर स्वतः कामावर आले. मी भिंतीच्या पाचव्या थरावर होतो.

"चला, गवंडी. असाल तसे चला. बूट शेवटपर्यंत काढू नका. पाय दाखवायचा आणि झटकन आत घ्यायचा."

पहिले सहा पाय चार मिनिटांत झाले. फादर घोटभर पाणी ओतायचे, टॉवेल टेकवायचे, पुढे सरकायचे. मग मी बूट काढला. पाणी ओतलं आणि परात राखाडी झाली. फादर परातीकडे बघत राहिले.

"हे काय आहे?" ते हळूच म्हणाले.

"सिमेंट, फादर."

"निघेल?"

"नुसत्या पाण्याने नाही निघत. घासावं लागतं."

फादरांनी झग्याच्या बाह्या वर केल्या आणि अंगठ्याने घासायला सुरुवात केली. हेडमास्तर खांबाआडून 'पुरे, पुरे' अशा खुणा करत होते. गायकवृंदाचं गाणं संपलं, त्यांनी ते परत सुरू केलं, ते परत संपलं. तिसऱ्या वेळेनंतर ते नुसतेच गुणगुणत राहिले. माझी नजर सवयीने तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथे मेहुणी बसली होती. तीही पायाकडेच बघत होती. मला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, तेव्हा मी सगळं गुदगुल्यांवर ढकललं.

नऊ मिनिटांनी फादर गुडघ्यावर हात टेकून उठले. टॉवेल काळा झाला होता.

"अकरा वर्षांत आज एक पाय धुतला बघा," ते म्हणाले. माईक चालू होता.

समितीच्या अहवालात याची नोंद 'प्रत्यक्ष धुण्याची घटना' अशी आहे. पुढच्या रविवारी, ईस्टरला, फादरांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येकाने पाय आहे तसा आणावा आणि सात नंबर गवंड्याचाच राहील. समितीने निर्णयाचं स्वागत केलं आणि लगेच नियम केले: पाय आहे तसा असल्याची तपासणी दोनदा होईल, मळ एकसारखा पसरलेला असावा, वास मर्यादेत असावा.

या आगमनकाळात एक्केचाळीस अर्ज आले. त्यांतल्या अडतीस जणांनी आधी पाय स्वच्छ धुतले आणि मग फाटकाजवळच्या वाफ्यातली माती लावली. वाफ्यातल्या गुलाबांची मुळं उघडी पडली आहेत. दोघांनी चूक नको म्हणून दोन्ही पायांना लावली. उरलेला अर्ज माझा. त्यावर 'मळ नैसर्गिक वाटत नाही' असा शेरा आहे. पण सात नंबरपुढे फादरांनी स्वतः 'गवंडी' लिहून ठेवलं आहे, तेव्हा समिती मला नाकारते आणि मी बसतो.

बाकीच्यांचा निकाल तपासणीनंतर, म्हणून अकरा जागा अजून रिकाम्या आहेत. तुम्हीही अर्ज करा. पाय आहे तसा आणायचा, बाकी अट नाही. आत्ता वाचता वाचता तुम्ही खाली वाकून बघितलंत आणि अंगठा आत ओढून घेतलात, त्याची नोंद समितीने केली आहे.