रिकामी वाटी

निडीचे धोंडूतात्या पुस्तकांना वाट्यांमध्ये मार्क देत.

रोह्यातल्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. तात्या दर शनिवारी पुस्तक बदलायला येत आणि काउंटरवरच वही उघडून मला ऐकवत: ‘सुरवात बरी, मग पाणी घातलं. दोन वाट्या.’ ‘राजा उगाच मेला. दीड.’ एका फार नावाजलेल्या कादंबरीला त्यांनी पाव वाटी दिली, तेव्हा मी भांडलेच. एवढी चांगली कादंबरी आणि पाव? तात्या म्हणाले, “म्हणून तर पाव.”

मग उलगडा झाला. त्यांच्या बायकोला, काशीकाकूंना, अक्षरओळख नव्हती. दुपारी तात्या मोठ्याने वाचत आणि काकू मोड आलेले वाल सोलत, खानावळीला बिरड्यासाठी द्यायला. पुस्तक रंगलं की काकूंचे हात थांबत. रटाळ असलं की वाट्यांवर वाट्या भरत. मत काकूंचं, तात्या नुसते कारकून.

आता आमच्या अध्यक्षांनी आत्मचरित्र लिहिलंय. चारशे पानं, त्यातली साठ नुसत्या सत्कारांची. तात्यांनी ते नेलं आणि तीन महिने तोंड दाखवलं नाही. मी मेली नियमावर बोट ठेवणारी. भर बाजारात गाठून त्यांना फैलावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक टेकवून गेले आणि घाईत वही आतच राहिली.

ती नेमकी अध्यक्षांच्या हाती लागली. आपलं पुस्तक कोण नेतं, हे ते न चुकता बघत. वहीतली शेवटची नोंद त्यांच्याच पुस्तकाची होती: ‘रिकामी वाटी.’ झालं, साहेब तापले. शनिवारी तात्यांना समोर उभं केलं. माफी मागा, नाहीतर सभासदत्व रद्द, म्हणाले. पुस्तकं बंद झाली तर या माणसाने दिवस काढायचे कसे?

मी मध्ये पडले. साहेबांना वाट्यांची सगळी रीत समजावली. रिकामी वाटी म्हणजे काकूंचा हात एकदाही हलला नाही, याहून मोठी पावती कुठली? साहेब फुलले. तात्यांसाठी चहा मागवला. मला हायसं वाटलं.

तात्या चहाला शिवले नाहीत.

“नाय बाय, खोटं नको,” ते म्हणाले. “तिच्या हातांत तवा बळच नव्हतं. पडून ऐकायची. दोन प्रकरणं राह्यली आणि ती गेली. मला एकट्याला पुढं वाचवंना, म्हणून पुस्तक ठेवलंवतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारात मी एवढी बोलले, तेव्हा हा माणूस खाली मान घालून नुसता ऐकत होता.

अध्यक्षांनी पुस्तक उचललं, खुर्ची तात्यांजवळ ओढली आणि राहिलेली दोन प्रकरणं मोठ्याने वाचायला घेतली. पुन्हा सत्कारच. मला जांभया आवरेनात. तात्या डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा अंगठा मांडीवर वाल सोलल्यासारखा हलत होता.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी दबकत विचारलं, काकूंना कसं वाटलं असतं?

तात्यांनी डोळे पुसले. वही ओढून ‘रिकामी’ खोडलं आणि वर ‘तीन’ लिहिलं.

“तीन वाट्या झाल्या असत्या, साहेब,” ते म्हणाले. “पण शेवटपर्यंत बसली असती.”