बघितलं की फिकं

सोमवारी सकाळी भाऊजी गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात थोरल्या मेव्हण्याचा फोन आला. दवाखान्याच्या नव्या वेबसाइटवरचं त्याचं नाव फिकं पडलं होतं. काल रात्रीपर्यंत चांगलं गडद निळं होतं आणि आज धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं राखाडी दिसत होतं. धाकट्याचं नाव मात्र शेजारी ठणठणीत होतं, हे त्याने दोनदा सांगितलं. भाऊजी "बघतो" म्हणाले, फोन ठेवला आणि एक गाल उरकला. तोवर धाकट्या मेव्हण्याचा फोन. त्याचं नाव फिकं पडलं होतं आणि थोरल्याचं ठणठणीत होतं.

भाऊजी अर्ध्या दाढीनिशी लॅपटॉपसमोर जाऊन बसले. त्यांच्या लॅपटॉपवर दोन्ही नावं फिकी होती. म्हणून त्यांनी दवाखान्यात फोन लावला. तिथे रिसेप्शनवरच्या बाईंनी पडद्याकडे बघून सांगितलं की इथे सगळं व्यवस्थित आहे, दोन्ही डॉक्टर गडद निळे आहेत. एक वेबसाइट, चार ठिकाणी चार तऱ्हा. भाऊजींनी उरलेला गाल कसा केला ते त्यांनाच आठवत नाही, पण कानाजवळ कापलं होतं एवढं खरं.

आता भाऊजींची बाजू समजून घ्यायला हवी. माणसाने बावीस वर्षं छापखान्यात पानं लावण्याचं काम केलेलं. छापखान्यात एकदा छापलं की छापलं. हजार प्रती काढा, हजारही जणांना तोच मजकूर त्याच शाईत दिसणार. छापखाना बंद झाल्यावर त्यांनी तीन महिन्यांचा वेबसाइटचा कोर्स केला, वर्गात सगळ्यात वयस्कर म्हणून पुढच्या बाकावर बसून केला, आणि पहिलं काम मिळालं ते थेट सासुरवाडीचं. दोघे मेव्हणे दातांचे डॉक्टर, दवाखाना एकच. बायकोने बजावून ठेवलं होतं, "अहो, माझ्या माहेरचं काम आहे. नीट करा."

नीट करणं सोपं नव्हतं, कारण दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला एका लग्नाला गेला असताना धाकट्याने आपली पेशंटची खुर्ची खिडकीशी सरकवून घेतली होती. दाताच्या रंगाशी रंग जुळवायला दिवसाचा उजेड लागतो, तो सगळा धाकट्याने घेतला असं थोरल्याचं म्हणणं. तेव्हापासून चार हातांच्या अंतरावर बसून दोघे रिसेप्शनवरच्या बाईंमार्फत बोलत. "बाई, त्या डॉक्टरांना सांगा, माझी चिमटी परत करा." बाई उठायच्या, दोन पावलं जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या आणि चिमटी घेऊन यायच्या. पगार मात्र एकाच माणसाचा मिळायचा.

अशा घरात भाऊजींनी आपली नवी विद्या आणली. कोर्समधलं त्यांना सगळ्यात आवडलेलं प्रकरण म्हणजे सूडो-क्लास. शब्द अवघड, गोष्ट साधी. पानावरची वस्तू तीच, पण तिची अवस्था बदलली की तिचं रूप बदलायचं. जावई घरी बनियनवर बसतो आणि सासुरवाडीला इस्त्रीचा शर्ट घालतो, माणूस तोच, तसलं हे. आधी दोन टिंबं द्यायची आणि पुढे अवस्थेचं नाव लिहायचं. भाऊजींनी प्रथम 'यादीतलं पहिलं' अशी अवस्था धरून वरचं नाव मोठं केलं. वर अर्थातच थोरला. धाकट्याने फोन करून विचारलं की आपण डॉक्टर आहोत की तळटीप.

त्यावर भाऊजींनी जो तोडगा काढला त्याचा त्यांना फार अभिमान होता. पहिलं नाव मोठं करणारा नियम काढला आणि 'होव्हर' लावलं. ज्या नावावर माउसचा बाण येईल ते नाव मोठं होईल. थोरल्याने बाण आपल्या नावावर नेला, नाव टरारून मोठं झालं, तो खूश. धाकट्यानेही तेच केलं आणि तोही खूश. दोघांनाही वाटलं की भाऊजी आपल्या बाजूचे आहेत. भाऊजी महिनाभर घरात मान वर करून वावरले.

या आनंदात त्यांनी कोर्सच्या तयार फाइलमधून आणखी पाच ओळी उचलून चिकटवल्या. त्यात 'व्हिजिटेड' असं काहीतरी होतं आणि राखाडी रंग होता. फाइलच्या वर 'हे वाचकांच्या सोयीचे' असं लिहिलेलं. सोयीचं आहे ना, मग असू दे, असं म्हणून भाऊजींनी ते ठेवलं आणि विसरूनही गेले. सोमवार उजाडला तो त्यानंतर.

मंगळवार त्यांनी रंग बदलण्यात घालवला. निळा आणखी गडद केला, तरी राखाडी ते राखाडीच. बुधवारी वैतागून त्यांनी सगळी पानं नव्याने रचली, एकूण एक पानाचा पत्ता बदलला आणि वेबसाइट पुन्हा चढवली. काय आश्चर्य, सगळं स्वच्छ. थोरल्याकडे निळं, धाकट्याकडे निळं, स्वतःकडेही निळं. भाऊजींनी दोघांना फोन केला. थोरला म्हणाला, थांबा, उघडून खात्री करतो. त्याने आपल्या नावावर क्लिक केलं, आपलं पान बघितलं, मागे आला आणि फोनवरच ओरडला. नाव फिकं. धाकट्याने पाच मिनिटांनी खात्री केली आणि त्याचंही फिकं.

रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "भाऊजी, मी काही उघडत नाही, म्हणून माझ्याकडे बिघडत नाही." हे इतकं सरळ वाक्य होतं की कोणी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

आता दोघा भावांची डोकी भलत्याच दिशेला धावू लागली. थोरल्याला वाटलं की धाकट्याने वेबसाइटचा पासवर्ड मिळवलाय आणि भाऊजींनी दुरुस्त केलेलं तो मागाहून बिघडवतोय. धाकट्याला हेच थोरल्याबद्दल वाटलं. पुरावा दोघांकडे होता. माझं फिकं आणि त्याचं ठसठशीत, आणखी काय हवं? गुरुवारी बाईंची सहा वेळा ये-जा झाली. सहाव्या खेपेला निरोप असा होता की आता खोलीच्या मधोमध लाकडी भिंत घालायची, दारं वेगळी, पाट्या वेगळ्या, वेबसाइट वेगळ्या. उत्तर आलं, हरकत नाही. रविवारी सुताराला माप घ्यायला बोलावलं.

त्या संध्याकाळी बायको भाऊजींच्या समोर येऊन बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते.

"खुर्चीवरून भांडले तरी एका खोलीत होते हो," ती म्हणाली. "एकमेकांचा खोकला तरी ऐकू जायचा. उद्या भिंत झाली की संपलं. आई असती तर तिने दोघांचे कान धरले असते. मला ते जमत नाही आणि तुम्ही तर आगीत तेल ओतलंत."

भाऊजींना फार वाईट वाटलं. आपण काय केलं हेच कळत नसताना वाईट वाटून घेणं म्हणजे दुहेरी ताप. शुक्रवारी त्यांनी लाज गुंडाळून ठेवली आणि कोर्सच्या मॅडमना फोन लावला. मॅडम त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा खोकल्या, पण ते हसणं होतं हे भाऊजींना कळलं.

"काका, ते फिकं होणं वेबसाइटवर नसतंच," मॅडम म्हणाल्या. "बघणाऱ्याच्या लॅपटॉपवर असतं. ज्याने जे पान उघडून बघितलं, त्याला तेवढंच फिकं दिसतं. दुसऱ्याला नाही."

बावीस वर्षांचा छापखाना त्यांच्या डोक्यात उलटा फिरत होता. म्हणजे थोरला दिवसात दहा वेळा स्वतःचंच पान उघडून बघत होता, म्हणून त्याचं नाव फिकं. धाकट्याचंही तेच. आणि त्यांनी स्वतः तपासताना सगळंच उघडलं होतं, म्हणून सगळंच फिकं. त्या पाच ओळी आत्ताच्या आत्ता काढाव्यात असं त्यांच्या मनात आलं. पण ओळी काढल्या तर पुरावाही गेला, मग दोघे म्हणणार की चोराने माग पुसला. त्यापेक्षा रविवारी समोरासमोर दाखवून द्यावं, असं त्यांनी ठरवलं. बायको म्हणाली की मीही येते.

रविवारी दवाखान्यात सुतार मापाची पट्टी घेऊन जमिनीवर उकिडवा बसला होता. थोरला आपल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेला, धाकटा खिडकीशी आपल्या. सुट्टी असूनही बाई आल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय या दोघांचं भांडणही झालं नसतं. भाऊजींनी घसा साफ केला आणि फिकं होण्याचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आयुष्यात ते इतकं सलग कधी बोलले नव्हते. दोघा भावांचे चेहरे हळूहळू पडले. दिवसात दहा वेळा स्वतःचंच नाव उघडून बघतो, हे चारचौघांत कळणं कोणाला आवडेल? पण थोरला सहजासहजी ऐकणारा नव्हता.

"बाई, भाऊजींना सांगा, मला पटलं नाही," तो म्हणाला. भाऊजी समोरच उभे होते, पण सवय झाली होती.

भाऊजींना चेव आला. त्यांनी थोरल्याचा लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. "हे बघा, पडताळाच बघा. लेखांच्या यादीत धाकट्याचे लहान मुलांच्या दातांवरचे आठ लेख आहेत. तुम्ही ते उघडणं शक्य नाही. म्हणजे इथे आठही गडद निळे दिसणार." असं म्हणून त्यांनी लेखांची यादी उघडली.

आठांतले सात लेख राखाडी होते.

भाऊजी गोंधळले. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला आणि मोजून पाहिलं. सात. मग, जिथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता तिथे, ते मोठ्याने विचार करू लागले. पत्ते तर मी बुधवारीच बदललेत, म्हणजे हे जुनं काही नाही, हे सगळं गेल्या चार दिवसांत कोणीतरी वाचलंय. लॅपटॉप तर तुमचाच. घरी दुसरं कोणी वापरतं का? थोरला कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणि डोळ्यांवरचा पुन्हा कपाळावर करत होता.

बायको एव्हाना धाकट्याच्या लॅपटॉपकडे पोचली होती. भावाने झाकण लावायच्या आत तिने तीच यादी उघडली. तिथे थोरल्याचे कवळीवरचे सहा लेख होते. लहान मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरला कवळीशी काय देणंघेणं? पण सहाच्या सहा राखाडी.

तिने पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

बाईंनी सवयीने एकदा थोरल्याकडे आणि एकदा धाकट्याकडे पाहिलं, पण न्यायला निरोपच नव्हता. मग थोरला टेबलाकडे बघत म्हणाला, "तिसऱ्या लेखात दुधाच्या दातांचं वय चुकलंय." बाई उठल्या. दोन पावलं गेल्या.

"बसा बाई," धाकटा म्हणाला. "ऐकलंय मी." आणि थोड्या वेळाने, "वय चुकलेलं नाही. तू घाईत वाचलंस."

"चारदा वाचलाय," थोरला म्हणाला आणि जीभ चावली.

पुढची दहा मिनिटं दोघे थोरल्याच्या लॅपटॉपसमोर उभे राहून दुधाच्या दातांवरून असे भांडले की सुताराने पट्टी गुंडाळून खिशात टाकली. बाई खुर्चीत बसून होत्या आणि आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. भाऊजींना तर काहीच कळेना. आपण भांडण मिटवायला आलो आणि भांडण जोरात सुरू झालं, तरी बायको पदराने डोळे पुसत हसतेय, याचा मेळ कसा लावायचा?

शेवटी दोघे भाऊ एकदमच त्यांच्याकडे वळले. ही फिकं करण्याची सोय आत्ताच्या आत्ता काढून टाका, थोरला म्हणाला. माणूस काय वाचतो याची जाहिरात कशाला, धाकट्याने जोड दिली. तीन वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ते भाऊजींच्या विरुद्ध होतं. भाऊजींनी तिथेच बसून त्या पाच ओळी पुसल्या आणि वेबसाइट पुन्हा चढवली. दोन्ही पडद्यांवर सगळं गडद निळं झालं, नावंही आणि लेखही.

थोरल्याने आपला पडदा बघितला. वरून खाली आणि खालून वर नजर फिरवली. मग तो त्रासून म्हणाला, "अहो भाऊजी, पण आता माझा वाचायचा राहिलेला लेख कुठला ते मला कसं कळणार?"

धाकटा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"पाचवा," तो म्हणाला. "तुझ्या पडद्यावर तेवढाच निळा होता. खुर्ची घे आणि इकडे उजेडात ये, मी वाचून दाखवतो."