सयाजी मागे वळून बघत नसे

वारूळवाडीत पळणारी माणसं पुष्कळ आहेत, पण पळायचं म्हणून पळणारा एकच, असं सयाजीचं म्हणणं होतं. बाकीचे एसटी चुकली म्हणून पळतात, म्हैस सुटली म्हणून पळतात. एसटी मिळाली की थांबतात, म्हैस सापडली की तिला चार शिव्या देतात. सयाजीला यातलं काही मिळवायचं नव्हतं. तो पतसंस्थेत कारकून होता. दिवसभर खुर्चीत बसलेला असायचा, आणि सकाळी उजाडता उजाडता घटकाभर पळायचा. इतकंच.

पण त्या इतकंच्या तऱ्हा फार. डांबरी रस्ता त्याला नको, पाय ठणकतात. कालव्याचा भराव हवा, मऊ मातीचा. घड्याळ नको. सोबत तर मुळीच नको. सोबतीचा माणूस बोलतो, आणि सयाजीला पळताना डोळे अर्धे मिटून घ्यायचे असत. थंडीत कालव्यावर धुकं उतरलं की त्याच्या अंगात काहीतरी सैल व्हायचं. कधी वाटायचं आपण माणूस नाहीच, कालव्याचं पाणी आहोत, धरणातून निघालो आणि कुठल्या तरी लांबच्या ज्वारीला चाललो. कधी वाटायचं आपण कुणाचा तरी सांगावा घेऊन चाललोय, काय सांगावा ते पोचल्यावर आठवेल. या सगळ्यात एक नियम पक्का होता. मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की पाणी पुन्हा कारकून होतं.

वेग मात्र बेताचा. त्याला ओलांडून दूधवाले सायकलीवरून जात, आणि चढाला हातात सायकल धरून जात तेव्हाही ओलांडत.

त्या साली आमच्या भागात बिबट्यांचा सुळसुळाट झाला. उसात बिबट्या, मक्यात बिबट्या, लग्नाच्या मांडवामागे बिबट्या. सयाजीच्या बायकोने, प्रयागबाईने, पळणं बंद करा म्हणून दोन दिवस अबोला धरला. शेवटी तोड निघाली. बिबट्या आवाजाला बिचकतो असं कुणीतरी सांगितलं होतं. बैल विकून झाले होते, पण त्यांच्या गळ्यातली एक पितळी घंटा खुंटीला तशीच होती. ती तिने नवऱ्याच्या कमरेला करदोट्यासारखी बांधली. पहिल्या दिवशी सयाजीला लाज वाटली. चौथ्या दिवशी त्या टुणटुणीशिवाय त्याचा पाय उचलेना.

त्यातच अक्षदाचं, त्याच्या लेकीचं, जमत आलं. स्थळ बोरी बुद्रुकचं. मुलगा आदेश, चाकणला कंपनीत. बाप चांगदेव, बागायतदार माणूस, शब्दाला कडक. मुलगी पसंत होती, बोलणी झाली होती. तुळशीचं लग्न उरकल्यावर एका रविवारी दुपारी ती मंडळी सुपारी फोडायला वारूळवाडीला यायची होती. प्रयागबाईने नवऱ्याला निक्षून बजावलं होतं, की पळण्याचा विषय काढायचा नाही. सुपारी फुटेपर्यंत तुम्ही चारचौघांसारखे चालता, असंच त्यांना वाटू द्या. सयाजीने कबूल केलं.

पण त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती. घर बघायला तो जाऊन आला होता, चार वडीलधाऱ्यांसोबत, कोट-टोपी घालून. खुर्चीत बसला, पोहे खाल्ले, ट्रॅक्टर बघितला, आला. घर असं बघितलंच नाही. कुणी दाखवत नसताना, सकाळच्या वेळी, ते घर कसं दिसतं? चुलीपाशी कोण बसतं? कुणी कुणावर ओरडतं का? लेक त्या अंगणात झाडू घेऊन उभी राहिली तर कशी दिसेल? रविवारी पहाटे धुकं असं काही उतरलं होतं, की कापूस पिंजून ठेवावा. सयाजीने ठरवलं, आज बोरीपर्यंत. भरावावरून लांबूनच घर बघायचं आणि परत. कुणाला कळणारही नाही.

अर्धी चड्डी, स्वेटर, डोक्यावर माकडटोपी. नुसते डोळे उघडे. कमरेला घंटा. निघाला.

आता कालव्याच्या कडेला एका शेतात म्हस्कूचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरलेला होता. म्हस्कू पठाराकडचा मेंढपाळ. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी त्याची मेंढरं रानात बसवत. त्याने सकाळी जाळीचं कुंपण उघडलं आणि तो चहा घ्यायला चुलीपाशी वळला. त्याच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा आदल्याच दिवशी कुठे तरी पडली होती. मेंढरं धुक्यात नुसती उभी होती, आता कुणीकडे म्हणून. तेवढ्यात भरावावरून टुणटुण करत सयाजी गेला.

मेंढरं निघाली.

सयाजीला मागून एक मऊ आवाज येऊ लागला. सरसर, पटपट, जसा पाऊस पानांवर यावा. त्याला वाटलं वारा असेल. मग वाटलं, वारा नाही, आपलीच पावलं. आज पावलं इतकी हलकी पडतायत, की एकाच्या ऐवजी शेकडो वाटतायत. त्याचं ऊर भरून आलं. आयुष्यात इतकं चांगलं तो कधी पळाला नव्हता. मागे मेंढरांना बरं वाटावं अशाच चालीने तो पळत होता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

पुढे पाणवठ्यावर ठमाबाई म्हणून एक म्हातारी हंडा भरत होती. धुक्यातून आधी घंटा आली, मग सयाजी, मग मेंढरंच मेंढरं. तिने विचारलं, मुक्काम कुठं? तो म्हणाला, बोरी. वाटेत पाणी झालं का, म्हणाली. सयाजीला म्हातारीची माया वाटली. तो म्हणाला, वाटेत पीत नाही मी, पोटात दुखतं. म्हातारी हंडा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मग भिका नावाचा एक जण खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन आडवा आला आणि भरावाखाली उतरून उभा राहिला.

"एकलाच का रं? संगं दुसरं कोन न्हाई?"

"एकटाच पळतो. सोबत सहन होत नाही मला," सयाजी म्हणाला आणि गेला.

भिका पंप खाली ठेवून मेंढरं संपायची वाट बघत बसला. ती बराच वेळ संपली नाहीत.

बोरीच्या शिवारात चांगदेवचं घर भरावाला लागूनच होतं. सयाजी थांबला. घंटा थांबली. समोर धुकं विरळ होत होतं आणि त्यातून घर हळूहळू वर येत होतं, आधी कौलं, मग धूर, मग अंगण. अंगणात आदेशची आई साळुबाई सडा टाकत होती. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. गोठ्यातून कुणीतरी हसलं. बरं घर आहे, त्याला वाटलं. लेक इथे हसेल.

इकडे घंटा थांबली म्हणजे मुक्काम आला, असं मेंढरांनी धरलं. भरावाखाली चांगदेवची कोथिंबीर होती. हिरवीगार, दोन दिवसांत काढणीला आलेली. सयाजीला मागून कुरकुर कुरकुर ऐकू आली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने मागे वळून बघितलं.

तो किती वेळ तसाच उभा होता त्यालाच माहीत. भानावर आला तेव्हा चांगदेव काठी घेऊन धावत येत होता.

पळून जावं म्हटलं तर जाता येत होतं, पळण्यात तो तरबेज होता. पण पळाला तर मेंढरं मागे येणार. आणि टोपी काढून मी तुमचा होणारा व्याही, असं सांगावं, तर अर्ध्या चड्डीत, कमरेला घंटा बांधून, कोथिंबिरीत उभं राहून कसं सांगणार? माकडटोपी तोंडावर होती. चांगदेवने त्याला मेंढपाळ समजून सणसणीत शिव्या दिल्या, आणि सयाजी मेंढपाळ झाला.

मेंढरं त्याचं ऐकेनात. हाकलली की दोन पावलं सरकत. शेवटी त्याने एकच येत होतं ते केलं. पळत सुटला. मेंढरं मागे. अंगणाला दोन वेढे घालून त्याने ती मोकळ्या खळ्यात आणली आणि मटकन खाली बसला. साळुबाईला दया आली. कुणाचं लेकरू आहे, दमलंय, म्हणत तिने चहा आणि भाकरी दिली. सयाजीने टोपी हनुवटीखाली ओढून तेवढं तोंड उघडलं आणि चहा घेतला.

चांगदेवचा राग उतरला होता, कोथिंबिरीचा एकच कोपरा गेला होता. बाकीचं वाचलं होतं. तोही समोर बसला. कुठून आलास म्हणाला. सयाजीने वारूळवाडीकडून म्हणून सांगितलं आणि जीभ चावली.

"आसं? मग तिकडं सयाजी म्हणून कारकून हाय, त्याला वळखतोस का? त्याच्या पोरीची सुपारी फोडायला जायचंय आज."

सयाजी म्हणाला, तोंडओळख आहे.

"मानूस कसा हाय?"

"बरा हाय," सयाजी आवाज घोगरा करून म्हणाला. आपल्याबद्दल याहून जास्त त्याला सुचेना.

चांगदेव जवळ सरकला. त्याने हलक्या आवाजात सांगितलं, की घर चांगलं आहे, पोरगी गुणाची आहे, पण एक गोष्ट कानावर आलीय. तो माणूस रोज सकाळी पळतो म्हणे. कशासाठी नाही, नुसताच. घरात कुणाला वेडाबिडाचं काही असलं तर आधी कळलेलं बरं. नाही म्हणायला अजून अर्धा दिवस आहे.

सयाजीच्या हातातला कप थांबला. नाही पळत, एवढे दोन शब्द बोलले की झालं. प्रयागबाईनेही तेच सांगितलं असतं. तो बोलायलाही गेला. पण मघाचं ते धुकं, ते पावसासारखं वाजणं अजून त्याच्या अंगात होतं. मेंढरांचं का असेना.

"पळतो खरा," तो म्हणाला. "पन कुनाचं काय घेऊन पळत न्हाई. सकाळी घटकाभर त्याच्या डोक्यावर कायबी नसतं. हापीस न्हाई, घर न्हाई. मग घरी येतो आन दिसभर कुनावर वरडत न्हाई. येवढंच हाय ते."

साळुबाई चुलीपाशी म्हणाली, "मग बरंच हाय की. आपल्यात पळत कोन न्हाई, वरडत्यात मात्र समदी."

चांगदेव तिच्यावर ओरडणार होता, पण आत्ताच ओरडावं की नाही ते त्याला ठरवता येईना.

एवढ्यात दुधाचा टेम्पो अंगणात आला आणि त्यातून म्हस्कू आणि त्याची बायको बानूबाई उतरले. बिचारे धाय मोकलून रडायच्या बेतात होते. बिबट्याने हुसकलीत की चोराने नेलीत, तेच कळत नव्हतं. ठमाबाईने दिशा सांगितली आणि भिकाने वर्णन. बानूबाईने आपली मेंढरं बघितली, मग चहा पिणारा मेंढपाळ बघितला, आणि सरळ चालत येऊन त्याच्या डोक्यावरची माकडटोपी उपटली. चोराचं तोंड तरी बघू दे, असं तिचं म्हणणं होतं.

साळुबाईने पटकन डोक्यावर पदर घेतला.

"अवो, हे तर आपलं याही!"

सयाजी उठून उभा राहिला. कमरेची घंटा वाजली. त्याने जे झालं ते सांगितलं, धुक्यापासून कोथिंबिरीपर्यंत. घर बघायला आलो होतो, एवढं मात्र हळू बोलला. साळुबाईने ते ऐकलं आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. चांगदेवने व्याह्याचे गुडघे बघितले, शेताचा खाल्लेला कोपरा बघितला, आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"तोंड झाकलेलं व्हतं," तो शेवटी म्हणाला, "तरी खोटं बोलला न्हाईत. आमी दुपारचं येतच व्हतो. आता संगंच निगू."

संगं निघाले खरे, पण मेंढरांनी आपला पुढारी ठरवून टाकला होता. म्हस्कूने हाकारलं, बानूबाईने दगड मारले. मेंढरं हलेनात. सयाजी पुढे झाला, तेव्हाच निघाली. भरदिवसा, उन्हात, रस्त्याने. पुढे अर्ध्या चड्डीतला सयाजी, त्याच्यामागे मेंढरं, त्यांच्यामागे म्हस्कू आणि बानूबाई, आणि सगळ्यात मागे चांगदेवची जीप. दोन्ही बाजूंना ऊस. पुढे काढायला जागा नाही. जीपमध्ये साळुबाई सुपारीचं ताट मांडीवर धरून बसली होती आणि ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न वाजवत होता. वाटेत लोक घरातून बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी हात जोडले.

दारात प्रयागबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. तिने ती सगळी वरात डोळे भरून पाहिली. आत गेली, पँट घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

सुपारी फुटली. अक्षदा पाया पडली, चांगदेवने तिला आशीर्वाद दिला आणि तुझ्या वडिलांना आमच्या बाजूला यायचं तर एकटं येऊ दे म्हणाला. सगळे हसले, प्रयागबाईसुद्धा, उशिरा. सयाजी भिंतीला टेकून बसला. पायांत गोड दुखत होतं. बाहेर म्हस्कू मेंढरं मोजत होता.

थोड्या वेळाने म्हस्कू दाराशी आला. सयाजीला त्याने खुणेने बाहेर बोलावलं आणि पाव्हण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागला.

"भाऊ, माझी समदी हायेत. पन ह्यातली पाच माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

"ते तुमालाच ठावं. वाटेत आनखी कुनाचा वाडा लागला व्हता का?"

सयाजीने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. त्याला नुसतं धुकं आठवलं.