कांद्यातली लाल रेघ

मोनिकाचं एक पाऊल बरोबर पंचावन्न सेंटीमीटरचं होतं. माधुरीबाईंनी तिला पटांगणावर दहा वेळा चालवून सरासरी काढली होती. त्यामुळे मारुतीच्या पारापासून मालनबाईंच्या उकिरड्यापर्यंत सोमवारी चाळीस पावलं आणि बुधवारी सेहेचाळीस भरली, तेव्हा बाईंना पहिला संशय मोनिकाचाच आला.

"मोजताना गप्पा मारत होतीस?"

"न्हाई बाई! उकिरडाच पळाला!"

सातवीला आफ्रिका खंड शिकवण्याआधी आपलं गाव कागदावर यायला हवं, असा बाईंचा बेत होता. मिरजगावजवळच्या त्या शाळेत हेडमास्तरांना त्या म्हणाल्याही होत्या, "शनिवारी कर्जतच्या प्रदर्शनात आमचा नकाशा लागेल. सुईच्या टोकाएवढी चूक काढून दाखवा!"

आणि इथे उकिरडा पळत होता! बाई स्वतः पाहायला गेल्या. मालनबाई घामाघूम होऊन पाट्या उपसत होत्या.

"मालनबाई, हे काय चाललंय?"

"आमाला समदं ठावं हाय, बाई. पोरींच्या हातात वही दिली म्हनून काय झालं? मोजनी ती मोजनीच! लिव गं मोनिका, उकिरडा रस्त्यात नव्हताच!"

"अहो, हा भूगोल आहे!"

"व्हय, व्हय," मालनबाईंनी डोळे बारीक केले. "सरकार पयल्यांदा असंच गोड बोलतं."

गुरुवारपर्यंत सगळं गाव जागचं हललं. रंगनाथचा ओटा दीड फूट आखडला. गोठे मागे सरले. मुली वही घेऊन दिसल्या की लोक दारं लावत आणि फटीतून बघत. खोडून खोडून नकाशाचा पापड झाला!

हललं नाही ते फक्त गहिनीनाथभाऊंचं बाभळीचं कुंपण. वस्तीवरून शाळेकडे येणारी गाडीवाट त्यांनी कांद्याच्या वाफ्यांत घेतली होती. उरलेल्या फटीतून शेळीसुद्धा तिरकी चालायची. वस्तीवरच्या सहा मुलींची शाळा त्या काट्यांपायी सुटली होती. एकटी मोनिका रोज फ्रॉक फाडून घेत येत होती. सहा वर्षं ग्रामसभेत हा विषय निघे आणि सहा वर्षं भाऊ म्हणत, "बघू."

शुक्रवारी दुपारी भाऊ वर्गातच आले. आधी त्यांनी पृथ्वीचा गोल फिरवून पाहिला.

"ह्यात आपलं गाव कुठंय?"

"दिसणार नाही, भाऊ. फार लहान आहे."

"मग हितं एवढं मोठं कशापायी काढलं?" त्यांनी भिंतीवरच्या नकाशाला नाक लावलं. "आन माझ्या कांद्यात ही लाल शाई कुनी वतली?"

मोनिका बाकामागे दडली.

"नकाशात रस्ता लालच दाखवतात," बाई म्हणाल्या.

"म्हंजे रस्ता हाय, असं लिवूनच टाकलं?"

"आहेच. कुंपणाच्या आत जुन्या चाकोऱ्या दिसतात. मोनिकाने मोजल्या. साडेचार पावलं, म्हणजे आठ फूट."

"आन हा कागद जानार कुठं?"

"कर्जतला."

भाऊंचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला. तहसील कचेरी कर्जतलाच होती! आता गप्प राहिलं तर काम होईल, हे बाईंच्या ध्यानात आलं. पण खोटं मोजमाप त्यांना कधी जमलं नव्हतं.

"प्रदर्शनाला जाणार आहे, भाऊ. हे मुलींचं काम आहे. सरकारचा काही संबंध नाही. शपथ घेऊन सांगते!"

"शपथ?" भाऊ दोन पावलं मागे सरले. "खरं असतं तर शपथ कशाला घेतली असती!"

दारापर्यंत जाऊन ते परत फिरले आणि हळूच म्हणाले, "रेघ जराशी वर घेता येईल का?"

बाईंनी पट्टी लावून पाहिली. "येईल. पण मग ती तुमच्या विहिरीतून जाते."

भाऊ मटकन बाकावर बसले. टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली.

"सकाळीच कुंपन काढतो. सोडला आठ फूट रस्ता! पन बाई, ती शाईची दौत आधी माझ्या हिरीपासनं लांब सरकवा!"