सत्तर किलोंचा माणूस

वजनकाटे बनवणाऱ्या एका प्रतिष्ठित कारखान्यात काटे तपासण्यासाठी एक माणूस नेमलेला होता, आणि यात वरवर पाहता गैर काहीच नव्हतं. काटा तयार झाला की हा माणूस त्याच्यावर उभा राही, शेजारचा मिस्त्री स्क्रू पिळत पिळत सुई सत्तरावर आणी, की काटा खोक्यात बंद. कारण तो माणूस सत्तर किलोंचा होता. नोकरीला लागला त्या दिवशी सरकारी निरीक्षकाने त्याला लोखंडी वजनांसमोर तोलून तसं प्रमाणपत्र दिलं होतं. त्यानंतर मालकांनी ती लोखंडी वजनं विकून टाकली. लोखंडाला गंज चढतो, ते उचलायला दोन माणसं लागतात. माणूस आपल्या पायांनी येतो आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो.

कारखान्यात त्याला सगळे सत्तरकाका म्हणत. वयाशी त्याचा संबंध नव्हता. सत्तर हे त्यांचं पद होतं.

दरवर्षी निरीक्षक तपासणीला येई. तो काकांना काट्यावर उभं करी. काटा सत्तर दाखवी. काका सत्तर किलोंचे असल्यामुळे काटा बरोबर ठरे, आणि काटा बरोबर असल्यामुळे काका सत्तर किलोंचे ठरत. इतकी चोख तपासणी दुसऱ्या कुठल्या खात्यात होत असेल असं वाटत नाही.

सुरुवातीला काटे दालनभर जमिनीवर मांडलेले असत आणि काका एकावरून दुसऱ्यावर चढत-उतरत दिवसभर फिरत. मग आधुनिकीकरण आलं. सरकता पट्टा आला, काटे स्वतःच काकांच्या पायांशी येऊ लागले. काकांना चाकांची गुबगुबीत खुर्ची मिळाली. उठायचं, उभं राहायचं, बसायचं. पुढे उठण्याचा त्रास नको म्हणून काटाच खुर्चीखाली सरकवता येईल का, यावर एक उपसमितीही बसली, आणि अजून बसलेलीच आहे.

त्याच सुमाराला मनुष्यबळ विभागाच्या मॅडम कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि ‘आनंदी कर्मचारी’ योजना सुरू झाली. प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक. माणसं इतकी, की बिनवाढदिवसाचा दिवस शोधून सापडेना. सापडलाच, तर त्या दिवशी एखाद्या विभागाचा वर्धापनदिन निघे. केक खाणं अर्थातच ऐच्छिक होतं. फक्त वार्षिक मूल्यमापनात ‘संघभावना’ नावाचा एक रकाना होता. रंगकाम विभागातल्या एकाने गोड वर्ज्य म्हणून दोनदा बशी परत केली, तर त्याच्या नावापुढे ‘एकलकोंडा व संशयास्पद’ असा शेरा पडला आणि बढती गेली. काकांनी ते पाहिलं आणि बशी पुढे केली. पुढे केलेली बशी त्यांनी मग कधी मागे घेतली नाही.

घरी गेल्यावर काका कंपनीकडून दर दिवाळीला भेट मिळणाऱ्या नव्या काट्यावर उभे राहत. सत्तर. मन निवांत होई. पँटचं बटण मात्र लागेना.

“कापड आटतं हल्ली,” काका बायकोला म्हणाले.

“अहो, माझे कपडेही त्याच बादलीत असतात,” ती पँटची शिवण उसवत म्हणाली. “त्यांना बरं नाही आटावंसं वाटत.”

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काका राहत होते सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आधी ते एका दमात वर जात. मग मध्ये एकदा थांबू लागले, मग प्रत्येक वळणावर. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी त्यांच्यासाठी दाराबाहेर स्टूल ठेवलं, पाण्याचा पेला ठेवला, आणि त्यांच्या धापेचा आवाज आला की त्या गॅसवर चहा चढवू लागल्या. एके दिवशी काका त्या स्टुलावर बसले ते उठेचनात. ओठ निळसर, छातीत भाता. शिक्षिकाबाई आणि बायको, दोघींनी धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. काटा त्याच कंपनीचा, नवाकोरा. सत्तर. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग खिडकीतून समोर बोट दाखवून म्हणाले, की त्या धान्याच्या गोदामात जुना पारड्याचा काटा आहे, एकदा तिथे बसून या.

काका एका पारड्यात बसले. हमालाने दुसऱ्यात पोती तोलायची वजनं चढवायला सुरुवात केली. सत्तर झाले तरी काका जमिनीलाच. हमाल चढवत राहिला. शेवटी ब्याण्णव किलोंना काकांचे पाय अधांतरी आले. त्या क्षणी त्यांना हलकं वाटायला हवं होतं, पण त्यांनी हमालाला वजनं पुन्हा मोजायला लावली. डॉक्टरांनी साफ सांगितलं: वजन उतरवा, नाहीतर तो जिना तुम्हाला एक दिवस वर पोचू देणार नाही, आणि दुसऱ्याच वर पोचाल.

काकांनी कंपनीकडे अर्ज केला. मागणं साधं होतं. हे वजन नोकरीत चढलं, तेव्हा उपचार कंपनीने करावेत आणि मला चालण्या-फिरण्याचं काम द्यावं. मॅडमनी अर्ज वाचला आणि गोड आवाजात समजावलं, की आहार ही ज्याची त्याची वैयक्तिक जबाबदारी असते, कंपनीने कुणाच्या तोंडात केक कोंबलेला नाही. रंगकामवाल्याचं काय झालं, असं काकांनी विचारल्यावर मॅडमनी विषय गंभीर असल्याचं मान्य करून चौकशी समिती नेमली.

समितीत मॅडम, कंपनीचे वकील, विक्रीप्रमुख आणि युनियनचे पुढारी असे चौघे होते. बैठकीत बिस्किटं होती. वकिलांनी मुद्दा मांडला, की घास हाताने उचलला जातो आणि हात कर्मचाऱ्याचा असतो.

“कामाच्या वेळेत हात कंपनीचा असतो,” पुढारी बिस्किट उचलत म्हणाले. “माझ्या सभासदाने स्वतःच्या हाताने काही खाल्लं असेल तर ते घरी.”

“मग घरी वाढलेलं किती आणि इथे वाढलेलं किती, ते वेगळं काढा,” वकील म्हणाले.

त्यावर दुपारभर काथ्याकूट झाला. शिंपी बोलावला, टेप लावली, काकांना पुढून-मागून वळवून पाहिलं. अखेर सुवर्णमध्य निघाला. कमरेच्या वरचा विस्तार खाण्यामुळे झालेला, सबब तो वैयक्तिक. कमरेच्या खालचा बसण्यामुळे झालेला, सबब तो संस्थात्मक. खुद्द कंबर उभय पक्षांच्या सामाईक मालकीची राहील. हनुवटीखालच्या घडीबद्दल वकील अडून बसले होते, पण पुढाऱ्यांनी संपाची भाषा काढल्यावर तीही निम्मी-निम्मी झाली. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. काकांना वाटलं, चला, निम्मा तरी जीव वाचला.

तेवढ्यात विक्रीप्रमुखांनी, जे इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसले होते, मान वर केली.

“एक मिनिट. म्हणजे यांचं वजन वाढलंय, असं आपण सही करून देतोय?”

“वाढलंच आहे ना,” मॅडम म्हणाल्या.

“आणि काटे कुणाच्या वजनावर लावतो आपण?”

पुढाऱ्यांचं बिस्किट हातातच मोडलं. वर्षानुवर्षं विकलेला काटा न् काटा खोटा. दवाखान्यांतला, व्यायामशाळांतला, घराघरांतला. सगळी दुनिया जाडी होत चाललेली, आणि काटा सगळ्यांची पाठ थोपटत बसलेला. कंपनीने जबाबदारी घेतली तरी मेलो, आणि ती काकांवर ढकलली तरी मेलोच. जबाबदारी कुणाचीही असो, त्यासाठी वजन वाढलेलं असावं लागतं.

वकील शेवटी वकील. त्यांनी एक कोरा काटा मागवला आणि काकांना त्यावर उभं केलं. मिस्त्रीने स्क्रू पिळला. सत्तर. वकिलांनी कागदावर लिहिलं: ‘अर्जदाराचे वजन वाढलेले नाही. सबब ते कुणामुळे वाढले हा प्रश्न उद्भवत नाही.’ धाप लागते त्याचं काय, असं काकांनी विचारलं. त्यावर समितीने मत नोंदवलं, की जिना उंच झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, परंतु जिना ही कंपनीची मालमत्ता नव्हे.

काका परत आले. शिक्षिकाबाईंच्या स्टुलावर बसून त्यांनी धापेचा आवाज ऐकून खाली आलेल्या बायकोला सगळं सांगितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “कुणाचीच नाही ना जबाबदारी? मग ती आपलीच. उद्यापासून चालायला लागा.”

काका चालू लागले. केकच्या वेळी त्यांना नेमकी लघवीला लागू लागली. खुर्ची त्यांनी मिस्त्रीला दिली आणि दिवसभर उभे राहू लागले. हळूहळू वजन उतरलं. जिन्यावर थांबायचं एक स्टेशन गळालं, मग दुसरं. शिक्षिकाबाईंचा चहा उकळायच्या आत ते वरच्या मजल्यावर पोचू लागले, तेव्हा बाईंना जरा चुकल्यासारखंच झालं.

आणि तिकडे बाजारात आग लागली.

काकांचं वजन उतरलं, तरी मिस्त्री सुई सत्तरावरच आणत होता. त्यामुळे नवा काटा माणसाला जुन्यापेक्षा जड दाखवू लागला. काटा बदलला आणि वजन वाढलं, असे लोक दुकानात घुसून भांडू लागले. दुकानदारांनी खोकी परत पाठवली. एका गृहस्थाने कंपनीवर दावा लावला: मी काही खाल्लेलं नाही, बायको साक्षीला आहे, सबब माझे वाढलेले सहा किलो ही सर्वस्वी उत्पादकाची जबाबदारी आहे. बघता बघता ग्राहकांची संघटना उभी राहिली. वाढत्या वजनाला जबाबदार कोण, यावर टीव्हीवर चर्चा झडली. खाणाऱ्याचं नाव त्यात कुणी काढलं नाही.

काकांना नोटीस आली. ‘आपण पूर्वपरवानगीशिवाय कंपनीच्या मापात घट केली आहे. आपले वजन ही कंपनीची मालमत्ता असून तिची हानी आपण चालण्यासारख्या बेजबाबदार वर्तनाने केली आहे.’ सोबत मॅडम स्वतः घरी आल्या, जिना चढून, धापा टाकत. आता कंपनी काकांच्या वजनाची संपूर्ण जबाबदारी घ्यायला तयार होती. वर, खाली आणि कंबर. पगार वाढेल, ‘प्रमुख प्रमाण अधिकारी’ हे पद मिळेल, तळमजल्यावर घर मिळेल. फक्त पूर्वस्थितीला यायचं.

काकांनी नाही म्हटलं. तर दुसऱ्या दिवशी दारात माणसं. व्यायामशाळेचा मालक, ज्याचे सभासद पैसे परत मागत होते. काकांचा सख्खा मेहुणा, ज्याचं लग्न जमत आलं होतं आणि ज्याने मुलीकडच्यांना जुन्या काट्यावरचं वजन सांगितलं होतं. आणि सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, डॉक्टर.

“डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणालात ना, उतरवा?”

“वैद्यकीयदृष्ट्या आजही तेच म्हणतो,” डॉक्टर पुटपुटले. “पण परवा आमच्या घरी नवा काटा आला. ही दोन दिवस जेवलेली नाही आणि मला जेवू देत नाही. काका, शेवटी समाजाप्रती तुमची काही वैयक्तिक जबाबदारी आहे की नाही?”

“आहे ना,” आतून काकांची बायको म्हणाली. “ती जिना चढून घरी येते रोज. धाप न लागता.” आणि तिने दार लावून घेतलं.

काकांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांना जुन्या, मान्यताप्राप्त काट्यावर उभं केलं, तर तो बावन्न दाखवू लागला. मॅडमनी नोकरी सोडण्याचं कारण लिहिलं: ‘अशक्तपणा’. अशक्त काका आता धान्याच्या गोदामात पोत्यांच्या राशींमधून मोजणी करत फिरतात आणि संध्याकाळी एका दमात घरी चढतात.

कंपनीने रिकाम्या जागेची जाहिरात दिली. अट एकच: उमेदवाराचं वजन बरोबर सत्तर असावं, कंपनीच्या जुन्या काट्यावर. भला दणकट माणूस मिळाला. गुबगुबीत खुर्ची त्याला पहिल्या दिवसापासूनच घट्ट होते, आणि संघभावना तर अशी की तो दुसऱ्यांच्या बशाही पुसून ठेवतो. काटे पुन्हा खपू लागले. पूर्वीपेक्षा जास्त.

त्यातलाच एक तुम्ही गेल्या महिन्यात घेतलात. जुना काटा बिघडला असं तुमचं म्हणणं होतं, कारण तो वाढ दाखवत होता. तेव्हा तुम्ही भेटेल त्याला सांगत होता, की ऑफिसात बसून बसून काय होणार, कामाचा ताण, वेळेवर जेवण नाही, साहेबाला माणुसकी नाही. नव्या काट्यावर आकडा चांगलाच खाली आला. आणि परवा तुम्हीच सांगितलंत, आम्हाला समोर बसवून, चहात साखर जरा जास्तच घालत, की माणसाने एकदा मनावर घेतलं ना, की सगळं आपल्याच हातात असतं.