नानांच्या घरचं सुतक

माझ्या लेकीच्या साखरपुड्याला यायला शेजारच्या नानांनी साफ नकार दिला. म्हणाले, आमच्यात सुतक हाय. भिंतीला भिंत लागून घर, ना रडण्याचा आवाज, ना कुणाचं येणं-जाणं, आणि माणूस गेलं? कोण गेलं म्हणून विचारलं, तर नानांनी मांडीवरचं जाडजूड पुस्तक उचलून दाखवलं.

"सरदाराची धाकटी सून. दुपारीच गेली."

मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्हाला वाटेल म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा कसली! त्या सुनेसाठी नानांनी दहा दिवस दाढी केली नाही, कपाळाला गंध लावलं नाही, गोडाचा घास तोंडात घातला नाही.

नाना म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. पारनेर डेपोत उभा जन्म गेला, त्यामुळे बोलणं अजून स्टँडवरचंच. पुस्तक हातात घेतलं की आधी जाडी बघणार आणि सांगणार, ही लांब पल्ल्याची हाय, मुक्कामी जानार. एखादं प्रकरण रटाळ लागलं की घाट लागलाय म्हणणार. वाचतात मात्र फक्त जुनी, नावाजलेली पुस्तकं, त्यातही परमुलखातली, मराठीत आणलेली. नव्या लेखकावर काडीचा विश्वास नाही. दोन-चार पिढ्यांच्या गाड्या जाऊ द्या त्या रस्त्यावरनं, मग मी माझी घालतो, असं त्यांचं म्हणणं.

परदेशी नावं काही त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. मग ते त्या लोकांना आपल्याकडची गावं देऊन टाकतात. ताठ मानेचा सरदार आला की तो खर्ड्याचा, कारण तिथं किल्ला आहे. कारखान्यात राबणारा आला की सुप्याचा. एकदा भाजी निवडत बसले होते मी, तर भिंतीवरून सांगतात, सुप्याच्या पोराचं खर्डेकराच्या पोरीवर मन बसलंय, पन बाप लई आडमुठा हाय. माझे मालक सुप्याच्याच एमआयडीसीत कामाला. दोन दिवस मी त्यांचं डोकं खाल्लं, अहो, सांगा की कुणाचा तो पोरगा! नानांच्या पुस्तकातला आहे म्हटल्यावर ते जेवता जेवता उठून गेले.

सुतकाचे नियम नानांनी स्वतःच बसवलेत. पुस्तकातलं मुख्य माणूस गेलं तर दहा दिवस. मधूनमधून येणारं असेल तर लांबच्या नात्यातलं, त्याला तीन. नुसतंच गर्दीत मेलं असेल तर एक आंघोळ करून मोकळे. एका उन्हाळ्यात नेमकी लढाईची कादंबरी काढली. दाढी छातीला टेकली, आणि इकडे आख्ख्या पारनेरात पाण्याची बोंब असताना हा माणूस सारखा आंघोळीला बसतोय. बायकांनी मला बोलायला पाठवलं. नाना ओल्या अंगानंच दारात आले आणि म्हणाले, तोफा लावल्यात त्यांनी, मी काय करू?

तेव्हापासून गल्लीनं नानांना सोडून दिलं. त्यांची हनुवटी बघायची, पुस्तकात काय चाललंय ते ओळखायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

पण साखरपुड्याला आलेल्या व्याह्यांना हे कुठलं ठाऊक? कुणीतरी बोलून गेलं की शेजारी सून गेलीय, सुतक आहे. व्याही जुन्या वळणाचा, भला माणूस. म्हणाला, आपण हळद-कुंकू करायचं आणि शेजारचं माणूस दुःखात, हे बरं दिसत नाही. मी अडवीपर्यंत उपरणं सारखं करून नानांच्या ओट्यावर जाऊन बसला सुद्धा. मी खिडकीला कान लावून उभी. पोरीचं लग्न मोडतंय की काय, दुसरं काही सुचेना.

व्याह्यांनी विचारलं, आजारी होत्या का? नाना म्हणाले, छातीचं दुखनं, त्यात घरात गारठा. व्याही चुकचुकले. कुठं असायच्या? लई लांब, बर्फात. मग मिलिटरीत होतं का कुणी? नवरा हुता, पन पत्त्यांच्या नादी लागलेला. व्याह्यांनी डोळे टिपले. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, दिवस कधी आहेत?

"दिवस?" नाना म्हणाले. "अवो, दीडशे वर्सं झाली आसतील तिला जाऊन."

व्याही परत आले ते माझ्याकडे एकदा बघून जे हसत सुटले, ते जेवणाच्या पंगतीपर्यंत. लग्न मोडलं नाही. उलट आता फोन केला की आधी नानांच्या घरची खुशाली विचारतात.

इतकं झाल्यावर मी नानांना फैलावर घेतलं. म्हटलं, छापील माणसांचं कसलं सुतक पाळता? नाना म्हणाले, "त्यांना तरी कोन हाय, नंदे? पान उलटलं की लोकं पुढं जात्यात." मला काही हे बोलणं त्या वेळी लागलं नाही. मी आपली हसून घरात आले.

खरं तर वाचायचा नाद नानांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा, कुसुमकाकीचा. वाचनालयाची सभासद ती. नाना ड्यूटीवरून यायचे तेव्हा ती दिवाणावर पाय पसरून पुस्तकात, आणि नाना चिडवायचे, खा कागद, आज भाकरी नकोच आपल्याला. कोरोनात तिला श्वास लागला. नगरला नेली. नानांना आत सोडलं नाही आणि ती परत आली नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, जवळ बसतात आणि बळंबळंच एक घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. कुसुमकाकीचा कडू घास झालाच नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधलेले, नाना घरात कोंडलेले, त्यांची बहीण तिकडे खर्ड्यात अडकलेली. नानांनी एकट्यानं खिचडी टाकली आणि खाल्ली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही म्हणे. त्यानंतर ते तिची पुस्तकं वाचायला लागले.

सगळी वाचली, एक सोडून. ते एक फडताळात कापडात बांधून ठेवलेलं असायचं. मी विचारलं की म्हणायचे, ती गाडी बंद हाय.

मग या वर्षी वाचनालय नव्या जागेत जायचं ठरलं आणि बाहेर राहिलेली पुस्तकं परत मागवली. नाना ते बासन घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला. म्हणाले, कुसुम जाताना हेच वाचत हुती. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातलं मोठ्या खटल्याचं घर, आणि घरची थोरली मुलगी अंथरुणाला खिळलेली. काकी तिला नुसती थोरली म्हणायची, बहिणीसारखी. दवाखान्यातून शेवटचा फोन आला तेव्हा तोंडावरचा मास्क बाजूला करून काकीनं विचारलं, थोरलीचं काय झालं ओ, जरा बघून सांगा. पुस्तक दिवाणावर पालथं होतं. नानांनी उचललं, पण चष्मा सापडेना, एक अक्षर दिसेना.

"मग मी सांगून टाकलं," नाना म्हणाले. "बरी झाली म्हनलं. अंगनात उन्हाला बसलीय, शेंगा सोलतीय. कुसुम म्हनली, बरं झालं बाई. तेवढंच बोलली. आता ह्यात थोरली मेली आसंल तर मी जाताजाता तिच्याशी खोटं बोललो की गं."

न वाचताच परत करा म्हटलं. नाना म्हणाले, न्हाई, द्यायचं तर वाचूनच देईन.

तेव्हापासून आख्ख्या गल्लीचं लक्ष नानांच्या हनुवटीवर. सकाळी दाढी गुळगुळीत दिसली की जो तो खूश, थोरली अजून आहे. माझे मालकसुद्धा ड्यूटीला निघताना विचारायचे, काय गं, आहे ना? पुस्तक लांब पल्ल्याचं, आणि नाना पानं अशी जपून उलटायचे की जणू पुढं रस्ता खचलाय.

एका सकाळी नाना दिसले नाहीत. उन्हं वर आली तरी दार लोटलेलंच. फटीतून डोकावले, तर खुर्चीत बसलेले, मांडीवर मिटलेलं पुस्तक आणि हनुवटीवर पांढरे खुंट. मेली गं बाई थोरली! मी तशीच माघारी फिरले. चूल पेटवली, पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या. तुम्ही मला खुशाल येडी म्हणा. ताट झाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि नानांच्या दारात गेले.

नानांनी ताटाकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं.

"सुतक न्हाई, नंदे. बरी झाली ती."

"मग दाढी?"

"वाचत बसलो, ऱ्हाऊन गेली." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "शेंगा न्हाईत. पन अंगनात खुर्ची टाकून बसलीय. उन्हाला. मी कुसुमला खोटं न्हवतो बोललो."

एवढं म्हणाले आणि नाना रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. मलाही आवरेना. जरा वेळानं मी डोळे पुसले आणि ताट उचललं. म्हटलं, चांगली बातमी आहे, थांबा, शिरा करून आणते.

नानांनी ताट धरलं.

"ऱ्हाऊ दे. आनलंयस तर ठेव हितं. कुसुमचा ऱ्हायलाय."

मी खाली बसले. भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि घास त्यांच्या हातावर ठेवला. नानांनी तो तोंडात घातला, बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, मीठ कमी पडलंय गं. मी म्हटलं, असू द्या, खा.